विंडोज ७ वर सुपरमियम आणि रेडफॉक्स : एका डीटीपीवालीचा अनुभव

लग्नपत्रिकेचा मजकूर आता कोणी कागदावर लिहून आणत नाही. तो व्हॉट्सॲपवर येतो, तोही चार तुकड्यांत, आणि रात्री अकराला शेवटचा निरोप येतो, "काकू, आजोबांच्या नावाआधी कै. राहिलं." इंदूरला लोकमान्यनगरात घराच्या पुढच्या खोलीत मी १९९९ पासून मराठी-हिंदी डीटीपी करते. पत्रिका, मुंजीची निमंत्रणं, मंडळांच्या स्मरणिका. ज्या कॉम्प्युटरवर काम करायचं त्याच्यावरच व्हॉट्सॲप वेब उघडलं नाही, तर मोबाइलमध्ये बघत सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो. पुन्हा टाइप केलं की चूक शिरतेच, आणि पत्रिकेतली चूक लोक वर्षानुवर्षं काढून दाखवतात. त्यामुळे जुन्या मशीनवर धड चालणारा ब्राउझर हा माझ्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. सुपरमियम आणि रेडफॉक्स हे तसले दोन ब्राउझर.

मशीन कोअर टू ड्युओ, रॅम ४ जीबी, विंडोज ७, ३२-बिट. ३२-बिट असल्यामुळे त्या चारातले सव्वातीन जीबीच वापरात येतात. हे बदलत नाही, कारण पानांची मांडणी करायचं पेजमेकर ७ आणि मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याचा परवाना मागच्या बाजूला लावलेल्या एका छोट्या डोंगलमध्ये आहे. त्या डोंगलचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजसाठी कधी आलाच नाही. पंचवीस वर्षांच्या फायली त्याच फाँटमध्ये आहेत. आईची पत्रिका मी केली, आता मुलीच्या पत्रिकेला त्याच घरचे लोक येतात आणि म्हणतात, तशीच चौकट हवी. ती चौकट या मशीनवरच उघडते. पुण्याचा माझा भाचा विंडोजऐवजी लिनक्सचा फार आग्रह धरतो. दुसऱ्या, रिकाम्या मशीनवर आम्ही लिनक्स मिंट टाकलंही आणि ते छान चालतं, पण त्यावर पेजमेकर नाही.

विंडोज ७ ची सर्वांसाठीची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली. पैसे भरणाऱ्या कंपन्यांची १० जानेवारी २०२३ ला. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची. फायरफॉक्सची ११५, जुलै २०२३ ची. तिच्या ईएसआर म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेला मात्र फायरफॉक्सवाली मोझिला जुन्या विंडोजवाल्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहिली आणि ती मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

यापुढचे ब्राउझर विंडोज ७ वर का उघडत नाहीत हे भाच्याने मला फोनवर समजावलं. नवा ब्राउझर विंडोजकडे काही कामं मागतो, आणि ती करणारी फंक्शन्स विंडोज ७ च्या कर्नेल३२ फाइलमध्ये नाहीतच. मग 'प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही' अशी चौकट येते आणि सगळं तिथेच थांबतं. स्वयंसेवक काय करतात, तर त्या नसलेल्या फंक्शन्सच्या जागी पर्यायी वाट करून देतात आणि आख्खा ब्राउझर पुन्हा बांधतात. सुपरमियम हा क्रोमियमवरून, म्हणजे क्रोम ज्यावर बांधलाय त्या मूळ ब्राउझरवरून केलेला, अगदी एक्सपी सर्व्हिस पॅक ३ पासून चालणारा. रेडफॉक्स हा फायरफॉक्सवरून केलेला. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ई'च्या जागी ३ चा आकडा टाकावा लागतो, नाहीतर भलतंच काही सापडतं. दोन्ही फुकट, आणि दोन्हींच्या ३२-बिट आवृत्त्या मिळतात. माझ्यासारखीला तेच सगळ्यात महत्त्वाचं.

आठ महिने दोन्ही रोज वापरले. या काळात ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बहुतेकींना मी आधी ब्राउझरच जबाबदार धरला होता, आणि बहुतेक वेळा तो जबाबदार नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जुनी हार्ड डिस्क गेली. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात एसएसडी बसवून घेतली आणि त्यांनी त्यांच्याकडच्या डीव्हीडीवरून विंडोज ७ टाकून दिलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "आंटीजी, अब इसको छोड़ दो." घरी आणून पाहते तर कोणताच ब्राउझर नीट चालेना. एक उघडायचा आणि कोरी खिडकी दाखवायचा, दुसरा उघडतच नव्हता. दोन दिवस मी फाइल काढणं आणि पुन्हा टाकणं यातच घालवले. तिसऱ्या दिवशी भाच्याने विचारलं, "आत्या, रनमध्ये विनव्हर टाइप कर आणि बिल्डचा आकडा सांग." आकडा होता ७६००. म्हणजे २००९ मधलं मूळ विंडोज ७, सर्व्हिस पॅकशिवाय. तो ७६०१ असायला हवा.

मग क्रमाने बसवलं. आधी सर्व्हिस पॅक १. नंतर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही मायक्रोसॉफ्टची दोन अपडेट्स, कारण त्यांच्याशिवाय नव्या पद्धतीच्या एसएचए-२ डिजिटल सह्या असलेल्या फायली विंडोज ७ ला ओळखताच येत नाहीत. त्यानंतर केबी २६७०८३८, ज्याला प्लॅटफॉर्म अपडेट म्हणतात. अक्षरं आणि चित्रं पडद्यावर काढणारा विंडोजचा भाग त्याने सुधारतो, आणि ते सर्व्हिस पॅक १ असल्याशिवाय बसत नाही. या सगळ्या फायली मायक्रोसॉफ्टच्याच अपडेट कॅटलॉगमधून आकडा टाकून शोधल्या, दुसऱ्या मशीनवर उतरवल्या, पेन ड्राइव्हने आणल्या. ३२-बिटसाठी नावात एक्स८६ असलेली फाइल घ्यायची. संध्याकाळी दोन्ही ब्राउझर पहिल्या फटक्यात उघडले. कोणी जुनं विंडोज नव्याने टाकून घेत असेल, तर ब्राउझर उतरवायच्या आधी विनव्हर बघा. माझे दोन दिवस त्या एका आकड्यापायी गेले.

३२ आणि ६४ ची चूकही मी केली. घाईत ६४-बिटची झिप उतरवली आणि 'ही फाइल तुमच्या विंडोजशी जुळत नाही' असा निरोप आला. ते लगेच कळलं. थोरियम नावाचा असाच आणखी एक ब्राउझर पाहिला होता, त्यात प्रोसेसरच्या क्षमतेप्रमाणे एव्हीएक्स, एसएसई ३ असे वेगवेगळे प्रकार असतात. कोअर टू ड्युओमध्ये एव्हीएक्स नाही. तो प्रकार उतरवला तर चालणार नाही, एव्हीएक्स न लागणाराच घ्यावा लागेल.

उतरवण्याबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगते. नावाने शोधलं तेव्हा सगळ्यात वर आलेलं पान मूळ लोकांचं नव्हतं. हिरवं मोठं बटण, त्यावर आमच्या ब्राउझरचं नाव, आणि दाबलं की भलताच इन्स्टॉलर. मी तो चालवला नाही, कारण फाइल दोन एमबीची होती आणि आख्खा ब्राउझर एवढ्यात मावत नाही. तेव्हापासून फक्त गिटहबवरच्या, म्हणजे हे स्वयंसेवक आपलं काम जिथे ठेवतात त्या साइटवरच्या, प्रकल्पाच्या रिलीज पानावरूनच घेते. २०२५ च्या मध्यापासून गिटहब तिथे प्रत्येक फायलीशेजारी एसएचए-२५६ चा लांबलचक आकडा दाखवतं. फाइल वाटेत बदललेली नाही ना, ते त्यावरून पडताळता येतं. विंडोज ७ मध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल, मग हॅशफाइलचा पर्याय, फायलीचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ लिहिलं की आपल्या फायलीचा आकडा मिळतो. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवून मी समाधान मानायचे. भाच्याने सांगितलं की दोन्ही आकडे नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटव, फरक डोळ्यांनाच दिसतो. आता तसं करते.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन अचानक बंद दिसलं. ब्राउझरला जोडलेली बाकीची छोटी साधनं, म्हणजे एक्स्टेंशनंही. हे झालं फायरफॉक्स ११५ मध्ये. या दोघांच्या जोडीला मी तेही वापरत होते आणि अपडेट करायचं मनावर घेतलं नव्हतं. व्हायरस आला म्हणून मी नेट काढून बसले. खरं कारण असं की एक्स्टेंशनच्या सह्या तपासणारं मोझिलाचं मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपणार होतं, आणि १२८ च्या आधीची किंवा ईएसआर असेल तर ११५.१३ च्या आधीची आवृत्ती असणाऱ्यांनी त्याआधी अपडेट करावं, हे मोझिलाने आधीच सांगितलेलं होतं. अपडेट केलं, सगळं परत आलं.

त्याच सुमारास दुसरा त्रास सुरू झाला. काही सकाळी एकही पान उघडायचं नाही, सगळीकडे प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा लाल इशारा. दुपारपर्यंत सगळं ठीक. मी सुपरमियम बंद करून रेडफॉक्स उघडला, तिथेही तेच. तेव्हा खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण दोन वेगळ्या कुळांतले ब्राउझर एकच चूक एकाच दिवशी कशी करतील? खाली कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी २००९ होती. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली होती. रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टर दमला की मशीनचं घड्याळ मागे जायचं. माझ्याही नकळत माझा मुलगा दुपारी आल्यावर तारीख नीट करून ठेवायचा, म्हणून दुपारपर्यंत 'आपोआप' बरं व्हायचं. विंडोज ७ स्वतःहून वेळ जुळवतं, पण नेहमीच्या मांडणीत आठवड्यातून एकदाच. आणि आजकाल पुष्कळ साइट्सची प्रमाणपत्रं ९० दिवसांचीच असतात, त्यामुळे घड्याळ चार महिने मागे असलं तरी ब्राउझरला वाटतं की हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. जेल रोडवरून बॅटरी आणली, ४० रुपयांना. तो त्रास पुन्हा झाला नाही.

सगळ्यात वाईट वेळ मेमधली. ३१ मे २०२५ ला अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. इंदुरात ते वर्ष म्हणजे घरोघरचं कार्य होतं, आणि माझ्याकडे एका मंडळाची ६४ पानांची स्मरणिका होती. लेख मेलवर येत होते, प्रूफ पीडीएफमधून जात-येत होती. २३ तारखेपासून सुपरमियममध्ये पीडीएफ उघडली की खिडकी काळी पडायची आणि सगळे टॅब मिटायचे. दिवसातून आठ-दहा वेळा. संपादक आमच्या ओळखीतल्या निवृत्त शिक्षिका, त्या रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायच्या आणि त्यांच्यासमोर पडदा काळा व्हायचा. मला रडू यायचं बाकी होतं.

या वेळी मी काढणं-टाकणं केलं नाही. विंडोजमधल्या बिघाडांच्या नोंदी ठेवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, ॲप्लिकेशनच्या नोंदींत लाल खूण असलेली नोंद पाहिली. 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून आयजीडीयूएमडी३२ अशा नावाची डीएलएल होती. ती ब्राउझरची नव्हे, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची. दहा-बारा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आणि कालपरवाचा ब्राउझर एकमेकांशी बोलताना कुठेतरी अडत होते. शॉर्टकटच्या गुणधर्मांत, टार्गेटच्या शेवटी जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि डिसेबल-जीपीयू लिहिलं. काळी खिडकी बंद. नंतर सेटिंग्जमधूनच हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्सकडे सोपवणं, काढून टाकलं, म्हणजे ब्राउझर कुठूनही उघडला तरी चालेल. रेडफॉक्समध्ये हीच खूण कामगिरीच्या भागात मिळते. तिथे आणखी एक सोय आहे. शिफ्ट दाबून धरून ब्राउझर उघडला की तो एक्स्टेंशनं आणि ॲक्सिलरेशन दोन्ही बाजूला ठेवून सुरू होतो. तसा नीट चालला, तर दोष त्या दोघांपैकी एकात आहे एवढं तरी कळतं.

याची किंमत मोजावी लागते. आता पडद्यावरचं सगळं प्रोसेसर काढतो, लांब पान सरकवताना किंचित अडखळतं, आणि व्हिडिओ ४८० च्या वर नेला की थांबत थांबत चालतो. मला चालतं. स्मरणिका २९ ला सकाळी छापायला गेली.

नंतर मी प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत शोध घेतला, तर तसल्याच ग्राफिक्सवर इतरांनाही हाच अनुभव आलेला. तिथे 'चालत नाही' एवढंच लिहून गेलेले लोक खूप. त्यांना उत्तर काय देणार? मी भाच्याच्या मदतीने ब्राउझरची आवृत्ती, ३२-बिट, बिल्ड ७६०१, ड्रायव्हरचा आकडा, डीएलएलचं नाव आणि नेमकं काय केल्यावर खिडकी काळी पडते हे सहा ओळींत लिहिलं. हे लोक आपल्या नोकऱ्या सांभाळून रात्री काम करतात. त्यांच्याकडे माझं मशीन नाही, म्हणून माझ्या मशीनची माहिती नीट देणं ही माझी बाजू.

दोन छोट्या गोष्टी. देणगीदारांच्या यादीत प्रत्येक रकमेआधी रिकामा चौकोन दिसायचा. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, रुपयाचं चिन्ह ठरलं २०१० मध्ये, त्यामुळे मूळ फाँटमध्ये ते नाहीच. केबी २४९६८९८ टाकल्यावर चौकोन गेले. आणि पासवर्ड : हार्ड डिस्क गेली तेव्हा ब्राउझरच्या जुन्या प्रोफाइलचं फोल्डर माझ्याकडे होतं, पण क्रोमच्या कुळातले पासवर्ड त्या विंडोजच्या खात्याशी कुलूपबंद असतात. फोल्डर नव्या विंडोजवर नेलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. माझी वही होती म्हणून निभावलं.

दोघांत कोणता? दिवसभर उघडा राहतो तो रेडफॉक्स. व्हॉट्सॲप वेब, मेल, युनिकोडचं, म्हणजे व्हॉट्सॲपवर येतं तसल्या मराठीचं, जुन्या फाँटमध्ये रूपांतर करणारं पान असे सहा-सात टॅब त्यात सुखाने राहतात आणि बाजूला पेजमेकरला पुरेशी रॅम उरते. शिफ्ट-एस्केप दाबलं की कोणता टॅब किती खातोय ते दिसतं, दुपारी एकदा बघून मी जड टॅब बंद करते. सुपरमियम वेगाने उघडतो आणि क्रोमलाच ओळखणाऱ्या साइट्स त्यात न कुरकुरता चालतात. छापखान्याच्या ज्या पानावर मोठ्या फायली चढवायच्या असतात, ते मी त्यातच उघडते. पण त्यात टॅब वाढले की सव्वातीन जीबी लवकर भरतात. कमी रॅमच्या ३२-बिट मशीनला मी रेडफॉक्स आधी सांगेन, ६४-बिट आणि ८ जीबी असेल तर सुपरमियम.

बँकेचा व्यवहार मी या दोन्हींत करत नाही. आमच्या बँकेच्या साइटने तसंही जुनं विंडोज पाहून आत घेतलं नाही. ब्राउझर कोणतं विंडोज आहे ते साइटला सांगतो, आणि फायरफॉक्सच्या कुळात ती ओळख बदलता येते, हे मला माहीत आहे. मी मुद्दाम बदलली नाही. ब्राउझरची भोकं स्वयंसेवक बुजवतात, विंडोज ७ ची भोकं कोणी बुजवत नाही. क्रोमियमचा सँडबॉक्स, म्हणजे पानाला बाकीच्या मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण, विंडोजच्याच आधारावर उभा असतो, आणि विंडोजच्या विन३२के या आतल्या भागापर्यंत पानाला पोचू न देणारं त्यातलं कडं विंडोज ८ पासूनच मिळतं. सुपरमियम कितीही नवा असला तरी ते कडं विंडोज ७ वर येणार नाही. पैशाचं काम मोबाइलवर.

एक काळजी मनात राहते. मी डीटीपी शिकले त्या छापखान्यात ॲपलचा एक जुना, पॉवरपीसी प्रोसेसरचा मॅक होता. अशा मॅकसाठी कॅमेरॉन कायझर यांनी २०१० पासून टेनफोरफॉक्स नावाचा फायरफॉक्स जिवंत ठेवला होता. ॲपलने पाठ फिरवल्यावरही त्या मशीनवर पानं उघडत राहिली, ती त्यांच्यामुळे. २०२१ मध्ये त्यांनी तो थांबवला. अकरा वर्षं. एवढं काम एका माणसाने केलं, आणि एका माणसावर असलेलं काम कधीतरी थांबणारच. माझे दोन्ही ब्राउझरही थोड्याच माणसांच्या खांद्यावर आहेत, म्हणून फायरफॉक्सची जुनी ईएसआर आवृत्तीही मी मशीनवर ठेवली आहे, आणि जुन्या फाँटमधल्या फायली रोज दोन-तीन करत युनिकोडमध्ये नेते आहे. १९९९ ते २००६ पर्यंतच्या झाल्या.

हे बिल्ड नवे झाले का ते बघायला मी आपोआप येणाऱ्या निरोपाची वाट पाहत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पत्रिकांचं काम सुरू करायच्या आधी, गिटहबचं पान उघडते. आज रेडफॉक्सची नवी झिप होती. आकडा जुळला. जुन्या फोल्डरला तारखेचं नाव देऊन डी ड्राइव्हवर ठेवलं, नवं त्याच्या शेजारी उलगडलं, व्हॉट्सॲप उघडलं. सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी राजेंद्रनगरच्या एका घरून मुंजीच्या निमंत्रणाचा मजकूर आला होता, मुहूर्ताची ओळ सोडून.